‘सिट ऑन द फेन्स’ म्हणजे नेमकं काय? ‘बघू’ आणि ‘कळवतो’ म्हणणाऱ्याचं मत कुणाच्या खात्यात जातं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सचिवांचा मेसेज येतो : ‘पुनर्विकासाबाबत रविवारी सकाळी अकरा वाजता सभा आहे. सर्वांनी आपले मत कळवावे.’ चाळीस जण मेसेज वाचतात. उत्तरं येतात सहा. त्यातली दोन ‘ओके’, एक हात जोडल्याची खूण, एक ‘बघू’, एक ‘बहुमत जे ठरवेल ते’ आणि एक सुविचार, जो बहुधा चुकून या ग्रुपवर आलेला असतो.

इंग्रजीत या ‘बघू’साठी एक नेमका वाक्प्रचार आहे, ‘टू सिट ऑन द फेन्स’. शब्दशः अर्थ कुंपणावर बसणं. दोन बाजू आहेत, दोन्ही समोर दिसतायत, पण माणूस यापैकी एकीकडेही उडी मारत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, निवडणुकीच्या बातम्यांमध्ये, वेब सीरिजच्या संवादांत हा शब्दप्रयोग वारंवार कानावर पडतो. अर्थ सोपा वाटतो म्हणून तो सर्रास वापरलाही जातो आणि तिथेच थोडी गडबड होते.

अर्थ एक, सूर दोन

या वाक्प्रचाराची दोन रूपं आहेत आणि त्यांच्यात फरक आहे. ‘आय ॲम स्टिल ऑन द फेन्स अबाउट धिस जॉब’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच, की या नोकरीबद्दल माझं अजून ठरत नाहीये. यात कुणाची तक्रार नाही, कसला आरोप नाही. घर भाड्याने घ्यायचं की विकत, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची की पेट्रोलची, अशा कुठल्याही प्रश्नावर हे वाक्य बिनधास्त वापरता येतं.

पण ‘ही इज सिटिंग ऑन द फेन्स’ म्हटलं की सूर बदलतो. इथे बोलणाऱ्याला सुचवायचं असतं, की या माणसाला मत आहे, किंवा असायला हवं, पण एका बाजूला बोललं तर दुसरी बाजू नाराज होईल म्हणून तो मुद्दाम गप्प आहे. ‘बसणं’ हे क्रियापद आलं की त्यात आराम आला, सोय आली. म्हणूनच बॉसबद्दल बोलताना हा शब्दप्रयोग जरा जपून. बॉसचं अजून ठरलेलं नाही, हे सांगायला गेलात आणि ‘सिटिंग ऑन द फेन्स’ म्हणून बसलात, तर ऐकणाऱ्याला ती चुगली वाटू शकते.

अशा माणसाला ‘फेन्स-सिटर’ म्हणतात. मतदानाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांचं ठरलेलं नसतं, अशा मतदारांसाठी इंग्रजी वृत्तवाहिन्या हाच शब्द वापरतात. आणि कुणाला एकदाचं ठरवायला सांगायचं असेल, तर ‘गेट ऑफ द फेन्स’ म्हणजे कुंपणावरून खाली उतर, असं म्हटलं जातं. कुठल्या बाजूला उतरायचं, हे त्यात सांगितलेलं नसतं. कुठेही उतर, पण उतर.

जवळपास दिसणारे काही शब्दप्रयोग मात्र वेगळे आहेत. ‘मेंडिंग फेन्सेस’ म्हणजे बिघडलेले संबंध सुधारणं. त्याचा अनिर्णयाशी काही संबंध नाही. ‘सिटिंग ऑन द फाइल’ म्हणजे फाइल दाबून ठेवणं, आणि फाइल दाबणाऱ्याचा निर्णय बहुतेक वेळा झालेला असतो, तो फक्त कागदावर आणायचा नसतो. ‘हेज’ या शब्दाचा मूळ अर्थही कुंपणच, झुडपांचं. पण ‘हेजिंग’ म्हणजे एकीकडे तोटा झाला तरी दुसरीकडून भरून निघावा, अशी तजवीज. शेअर बाजारातला हेज फंड तिथूनच आला. थोडक्यात, फेन्सवरचा माणूस पैसे लावत नाही आणि हेजवाला दोन्हीकडे लावतो.

हे कुंपण आलं कुठून?

अमेरिकेतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या राजकारणात हा शब्दप्रयोग रुळला. त्यासाठी तिथलं कुंपण कसं होतं, हे डोळ्यांसमोर आणायला हवं. वसाहतींच्या काळात लाकूड मुबलक होतं. ओंडके उभे चिरायचे, त्यांचे लांब तुकडे एकमेकांवर आडवे, नागमोडी रचायचे की झालं कुंपण. त्याला खिळा लागत नसे. अब्राहम लिंकन यांनी तरुणपणी अशी लाकडं फोडली होती आणि १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या प्रचारकांनी त्यांना ‘रेल स्प्लिटर’ म्हणूनच मिरवलं. अशा कुंपणाच्या वरच्या आडव्या लाकडावर माणूस खरोखर बसू शकतो. एक पाय इकडे, एक तिकडे, दोन्ही शेतं नजरेसमोर. राजकीय टोमण्यासाठी याहून सोयीचं चित्र मिळणं कठीण.

या टोमण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १८८४ चा. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ब्लेन यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते. त्यामुळे पक्षातल्याच काही सुशिक्षित, सुधारणावादी मंडळींनी डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला. या बंडखोरांना ‘मगवम्प’ असं नाव पडलं. मूळ शब्द अमेरिकेतल्या अल्गोंक्वियन आदिवासी भाषेतला, अर्थ सरदार किंवा मोठा माणूस. पण विरोधकांनी त्याची फोड केली : यांचा ‘मग’, म्हणजे तोंड, कुंपणाच्या एका बाजूला आणि ‘वम्प’, म्हणजे बूड, दुसऱ्या बाजूला. निकाल न्यूयॉर्क राज्यावर येऊन ठेपला. क्लीव्हलँड यांनी ते राज्य जेमतेम हजारभर मतांनी जिंकलं आणि ते अध्यक्ष झाले.

या गोष्टीत एक गंमत आहे, ती सहसा सांगितली जात नाही. मगवम्प कुंपणावर बसलेच नव्हते. त्यांनी आपला पक्ष सोडून दुसऱ्याला मत द्यायचं ठरवलं होतं आणि ते उघड सांगितलंही होतं. कुंपणावर बसण्याचा शिक्का त्यांच्यावर मारला गेला, कारण ते ‘आपल्या’ बाजूला उतरले नाहीत. हा शब्द कुणासाठी वापरला जातोय, याच्याइतकंच तो कोण वापरतंय, हेही बघावं लागतं.

आपल्याकडे कुंपणावर सरडा बसतो

मराठी वर्तमानपत्रांत ‘कुंपणावरचे आमदार’, ‘कुंपणावर बसलेले नगरसेवक’ असे मथळे आता नेहमीचे झाले आहेत. हा सरळ सरळ अनुवाद आहे. मुळात मराठी माणूस कुंपणावर बसणार कसा? बोरी-बाभळीच्या फांद्या टाकून केलेलं कुंपण, निवडुंगाचं, घायपाताचं कुंपण. बसून दाखवा! कोकणातल्या दगडी गडग्यावर एक वेळ टेकता येईल. आता तर रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताभोवती ‘झटका मशीन’ची तार फिरवतात. त्या कुंपणावर कुणी अनिर्णयाने बसण्याची शक्यता फारच कमी.

आपल्याकडे बसायची जागा म्हणजे बांध. पण बांध म्हटलं की मराठी मनात तटस्थपणा येत नाही, भाऊबंदकी येते. शेजाऱ्याने नांगरताना वीतभर बांध कोरला, यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. आणि कुंपणाबद्दल आपल्या म्हणी काय सांगतात? कुंपणानेच शेत खाल्लं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. म्हणजे मराठीत कुंपणावर माणूस नाही, सरडा आहे. तो रंगही बदलतो, हे लक्षात घेतलं तर राजकीय मथळे लिहिणाऱ्यांनी केलेला अनुवाद तितकासा वाईट नाही म्हणायचा.

अनिर्णयाला मराठीत स्वतःचे शब्द मात्र भरपूर आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी. ‘तळ्यात-मळ्यात’ मुलांच्या खेळातून आलं. इथे माणूस सारखा उड्या मारतो, बसत नाही. ‘दोन्ही डगरींवर हात’ ठेवणाऱ्याला दोन्हीकडचा फायदा हवा असतो. ‘भिजत घोंगडं’ हे माणसाचं वर्णन नाही, रखडलेल्या प्रश्नाचं आहे. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ हा शब्दप्रयोग अनेक जण ‘सिट ऑन द फेन्स’चं भाषांतर म्हणून देतात, ते चूक आहे. आड आणि विहीर यांच्यामध्ये सापडलेल्याला दोन्ही वाटा वाईटच आहेत. तो कोंडीत आहे. कुंपणावरच्या माणसाची कोंडी झालेली नसते. त्याला तिथून छान दिसत असतं.

सर्वांत जवळ जातो तो ‘नरो वा कुंजरो वा’. महाभारतातली ही गोष्ट घराघरांत माहीत आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो. द्रोणाचार्य आपला मुलगा गेला का, असं युधिष्ठिराला विचारतात, कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री असते. युधिष्ठिर सांगतो, अश्वत्थामा मेला. आणि ‘माणूस की हत्ती’ हे पुढचं ऐकू जाईल न जाईल असं म्हणतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असं कथा सांगते. आज टीव्हीवरच्या चर्चेत एखाद्या प्रवक्त्याने अर्धं वाक्य हो आणि अर्धं नाही असं उत्तर दिलं, की त्याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. त्याच महाभारतात बलरामही आहे. दोन्हीकडे आपलेच म्हणून तो युद्धात न उतरता तीर्थयात्रेला निघून गेला. त्याने तसं सांगितलं आणि तो गेला. त्याच्या नावाने मात्र मराठीत टोमणा तयार झाला नाही.

भारत कुंपणावर बसलाय का?

हा प्रश्न अगदी याच शब्दांत भारताला विचारला गेला आहे. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाविरोधातला ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ. तटस्थांमध्ये भारत होता. चीन, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिकाही होते. पुढचे काही महिने पाश्चात्त्य माध्यमांत भारताला ‘फेन्स-सिटर’ म्हणण्याची जणू फॅशन आली.

जून २०२२ मध्ये स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात झालेल्या ‘ग्लोबसेक’ परिषदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्यापुढेही हाच मुद्दा आला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : मी तुमच्याशी सहमत नाही, याचा अर्थ मी कुंपणावर बसलोय असा होत नाही, मी माझ्या स्वतःच्या जमिनीवर बसलोय. तो व्हिडिओ त्या आठवड्यात भारतात लाखो फोनांवर फिरला. भूमिका पटो न पटो, त्या उत्तरात वाक्प्रचाराची दुखरी नस बरोबर पकडली होती. कुंपणाच्या चित्रात दोनच शेतं असतात. तिसरं शेत असू शकतं, हे ते चित्र मान्यच करत नाही.

हा वाद जुना आहे. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी एका भाषणात तटस्थतेला अदूरदर्शी आणि, काही मोजके अपवाद सोडता, अनैतिक ठरवलं होतं. तेव्हाचा रोख पंडित नेहरूंसारख्या नेत्यांकडे असल्याचं मानलं गेलं. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, बेलग्रेडला अलिप्ततावादी देशांची पहिली शिखर परिषद भरली.

इथे मराठी-संस्कृत शब्द इंग्रजीपेक्षा उदार आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीचं पाणी वाहतंय, माणूस काठावर उभा राहून बघतोय. त्यात कमीपणा नाही. पंच तटस्थ असावा, न्यायाधीश तटस्थ असावा, असं आपण कौतुकाने म्हणतो. गोष्ट एकच. इंग्रजीने त्याला कुंपणावर बसवलं की तो संधिसाधू झाला आणि आपण काठावर उभं केलं की तो समंजस झाला. भाषांतर करताना कुठला शब्द निवडला, यावर अर्धा निकाल तिथेच लागतो. म्हणून ‘भारत तटस्थ राहिला’ आणि ‘भारत कुंपणावर बसून राहिला’ या दोन मथळ्यांमागे एकच बातमी असली, तरी ती दोन वेगळ्या वाचकांसाठी असते.

गप्प बसलेल्याचं मत कुणाला जातं?

या वाक्प्रचारात एक गृहीतक लपलेलं आहे. कुंपण मधोमध आहे आणि त्यावर बसलेला कुणाच्याच बाजूला नाही. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं. मोजणीचा नियम काय आहे, त्यावर गप्प राहिलेल्याचं मत कुठल्या तरी एका बाजूला घरंगळत जातं, आणि ते कुठे गेलं हे त्याला बऱ्याचदा माहीतही नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तटस्थ राहणाऱ्याला ‘मतदान न करणारा’ धरतात. म्हणजे वरच्या ठरावात हिशेब १४६ मतांचाच झाला. ३५ तटस्थ देश मोजणीतून बाहेर. इथे कुंपण खरंच मधोमध म्हणावं असं आहे.

आता घटनादुरुस्ती घ्या. कलम ३६८ नुसार दोन अटी आहेत. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य बाजूने हवेत आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही हवं. लोकसभेच्या ५४३ पैकी समजा २५० खासदारांनी बाजूने मत दिलं आणि विरोधात एकही मत पडलं नाही, बाकी सगळे तटस्थ. पहिली अट शंभर टक्के पूर्ण. तरी दुरुस्ती पडली, कारण दुसऱ्या अटीसाठी २७२ लागतात. कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही आणि उत्तर ‘नाही’ आलं.

नेमकं हेच गणित सोसायटीच्या त्या रविवारच्या सभेत आहे. पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन-तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती लागते आणि बाजूने एकूण सदस्यांच्या ५१ टक्के संमती लागते. त्याआधी, २००९ च्या निर्णयानुसार, ही अट ७५ टक्क्यांची होती. इथे ‘एकूण’ या शब्दावर बोट ठेवायला हवं. शंभर सदस्यांची सोसायटी आहे. सभेला सत्तर आले. ४८ बाजूने, ५ विरोधात, १७ जण ‘बहुमत जे ठरवेल ते’ म्हणत चहा पीत बसले. ४८ विरुद्ध ५ एवढा स्पष्ट कौल असूनही ठराव बारगळतो. त्या सतरा जणांनी आपण कुणाच्याच अध्यातमध्यात नाही असं मानलं होतं. त्यांनी विरोधात मत दिलं होतं. घरी न उठलेल्या तीस जणांनीही.

ठराव बारगळावा असं त्यांना वाटत असेल, तर हरकत नाही. बिल्डर अर्धवट काम टाकून पळाल्याच्या, भाडं थांबल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात आणि त्या खोट्या नसतात. पण मग हात वर करून विरोध नोंदवावा, कारणं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पुढच्या सभेत त्या कारणांवर बोलता येतं. ‘बघू’वर कुणालाच बोलता येत नाही. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा तुकडा पडतो, पावसाळा येतो आणि गच्चीवर पुन्हा एकदा निळी ताडपत्री चढते.

सगळीकडे गप्प बसणं ‘नाही’ ठरतं असंही नाही. प्राप्तिकरात ते ‘हो’ ठरतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. नोकरदाराने कंपनीला काहीच कळवलं नाही, तर पगारातून कर नव्या प्रणालीने कापला जातो. अनेकांना ती फायद्याची असेलही. पण ज्याच्या घरकर्जाचं व्याज मोठं आहे, विमा आणि पीपीएफ चालू आहे, त्याने निदान एकदा दोन्ही आकडे मांडून बघायला हवेत. विवरणपत्र भरताना बदल करता येतो, तोही मुदतीत भरलं तरच. मुदत उलटली की कुंपण संपलं.

आणि ‘नोटा’? २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदानयंत्रावर हा पर्याय आला. ‘नोटा’ दाबणाऱ्याला फेन्स-सिटर म्हणण्याची पद्धत आहे, पण ती अन्यायाची वाटते. तो उन्हात रांगेत उभा राहिलेला असतो, त्याने यादी वाचलेली असते, त्याचं ठरलेलं असतं. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला २७,५०० मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकाची होती. विधानसभेच्या निकालावर त्याने फरक पडत नाही, हे खरं. पण ती मतं मोजली गेली, छापली गेली, आजही त्यांचा उल्लेख होतो. घरी बसलेल्यांचा आकडा कुणी लक्षात ठेवत नाही.

ऐनवेळी कुंपणावरून उतरणाऱ्यांची ताकद बघायची, तर १७ एप्रिल १९९९ ची लोकसभा आठवावी. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील, असं मानलं जात होतं. त्यांनी विरोधात मतदान केलं. कुणाला ते धोक्याचं वाटलं, कुणाला मुरब्बीपणाचं. मधल्या काळात दोन्ही बाजूंना त्यांना गृहीत धरता आलं नाही, एवढं मात्र नक्की. कुंपणावर बसण्यात राजकारण्यांना रस का असतो, याचं उत्तर त्या एका दुपारमध्ये आहे.

चिपसुद्धा अडकते

न ठरवता येणं हा केवळ स्वभावाचा दोष नाही, याचा पुरावा यंत्रांत सापडतो. मोबाइलच्या चिपमध्ये फ्लिप-फ्लॉप नावाचे छोटे घटक असतात. त्यांचं काम एकच, समोर आलेला संकेत शून्य आहे की एक, हे ठरावीक ठोक्याला ठरवायचं. पण संकेत नेमका त्याच क्षणी बदलत असेल, तर फ्लिप-फ्लॉप मध्येच लटकतो. ना शून्य, ना एक. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला ‘मेटास्टेबिलिटी’ म्हणतात. टेकडीच्या अगदी टोकावर चेंडू ठेवावा तशी ही अवस्था. कधीतरी तो कुठे तरी घरंगळतोच, पण कधी, हे सांगता येत नाही. आणि तो लटकलेला असताना पुढच्या सर्किटने एका भागात त्याला शून्य वाचलं, दुसऱ्या भागात एक, तर सगळी सिस्टीम कोलमडू शकते.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी याला ‘ब्युरिडनचं तत्त्व’ म्हटलं. चौदाव्या शतकातले फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ ब्युरिडन यांच्या नावावर एका गाढवाची गोष्ट सांगितली जाते. गवताच्या दोन सारख्याच पेंढ्यांच्या बरोबर मध्ये उभं असलेलं गाढव, कुठली खावी हे न ठरल्याने उपाशी मरतं. (खुद्द ब्युरिडन यांच्या लिखाणात ते गाढव नाही. बिचाऱ्याला तिथेही जागा मिळाली नाही.) लॅम्पोर्ट यांचं म्हणणं असं, की सलग बदलणाऱ्या माहितीवरून ‘हे की ते’ असा निर्णय ठरावीक वेळेच्या आत होईलच, अशी हमी कुठलंही यंत्र किंवा माणूस देऊ शकत नाही. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर समोरून गाडी येताना दिसते. थांबावं की निघावं? दोन्ही पर्याय सुरक्षित असतात. जीव जातो तो रुळांवर येऊन विचार करणाऱ्याचा.

इंजिनीअरनी यावर काढलेला उपाय साधा आहे. एका फ्लिप-फ्लॉपच्या मागे दुसरा लावतात, म्हणजे पहिल्याला स्थिर व्हायला एक ठोका जास्त मिळतो. अडकण्याची शक्यता शून्य होत नाही, पण इतकी कमी होते की फोन चालतो. लक्षात घेण्यासारखं हे, की तो जास्तीचा वेळ मोजलेला असतो. ‘बघू’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सांगतो’ यांत तेवढाच फरक आहे. इंग्रजीत बोलायचं तर नोकरीच्या ऑफरवर ‘आय ॲम ऑन द फेन्स’ एवढंच म्हणून थांबू नये. ‘कॅन आय गेट बॅक टू यू बाय फ्रायडे?’ हे पुढचं वाक्य जोडावं. एचआरच्या कानाला पहिलं वाक्य नकारासारखं ऐकू येतं, दुसरं येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांत तर हे दर वर्षी दिसतं. मिळालेली जागा पक्की करायची की पुढच्या फेरीत आणखी चांगलं कॉलेज मिळतं का ते बघायचं, हे दोन्ही रीतसर पर्याय आहेत. मुदतीत यातलं काहीच न केलेल्याची जागा हातातून जाते.

‘पत्रिका बघून कळवतो’

मराठी घरांत ‘फेन्स’वरचा सर्वांत जुना संवाद लग्नाच्या बैठकीतला आहे. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीत जाऊन बोलून आले. निघताना एक वाक्य येतं, ‘पत्रिका बघून कळवतो.’ याचा अर्थ हो असू शकतो, नाही असू शकतो, किंवा पुढच्या रविवारी आणखी एक ठिकाण बघायचंय, असाही असू शकतो. पंधरा दिवस फोन आला नाही की समोरच्यांनी समजून घ्यायचं, अशी पद्धत आहे. ती सभ्यपणाची मानली जाते, कारण कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. पण ते पंधरा दिवस दुसऱ्या घरात कसे जातात, याचा हिशेब या सभ्यपणात नसतो. आलेली दुसरी दोन स्थळं ‘जरा थांबा’ म्हणून अडवून ठेवलेली असतात. मुलीच्या आईने फोन चार्जिंगला लावला तरी तो हाताच्या अंतरावर असतो. सरळ नकाराने एक संध्याकाळ वाईट जाते. ‘कळवतो’ने महिना जातो.

आणि याहून अवघड प्रसंग आहेत. वडिलांच्या बायपासचा, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा. एक भाऊ पुण्यात, एक न्यू जर्सीत, बहीण नागपूरला. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समजावून सांगितलेले असतात आणि दोन्हींत धोका असतो. रात्री व्हिडिओ कॉल होतो. प्रत्येक जण नीट ऐकतो, प्रश्न विचारतो, कुणी गुगल करून आलेला असतो. शेवटी दोन चौकोनांतून एकच उत्तर येतं, ‘तू तिथे आहेस, तू ठरव. आम्ही आहोतच.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. लांबून ठरवणं खरंच कठीण असतं. पण ऑपरेशन यशस्वी झालं तर ते सगळ्यांचं असतं, आणि नाही झालं तर ‘थोडं थांबायला हवं होतं का रे?’ हा प्रश्न एकालाच विचारला जातो, तोही दहाव्या-बाराव्याच्या धावपळीत.

हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर नातेवाइकाच्या सहीसाठी एकच ओळ असते. काउंटरवरचा माणूस पेन पुढे करतो आणि म्हणतो, ‘इथे सही करा, आणि पेशंटशी तुमचं नातं लिहा.’